टीव्ही-रेडिओसाठी सक्तीचं शुल्क द्यावं, पण कोणाच्या हातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. घरी टीव्ही पाहतो म्हणून त्याला वर्षाला पावणेदोनशे पौंडांच्या आसपास भरावे लागतात, मग तो बीबीसी लावो की न लावो. आपल्याकडेही आकाशवाणी-दूरदर्शन सुधारायचं असेल तर असं शुल्क लावायला हवं, असं काही जण म्हणतात. मी नागपुरात राहतो. दूरदर्शन लावून मला कित्येक वर्षं झाली. मी हे पैसे का द्यावेत? सार्वजनिक प्रसारण खरंच तेवढ्या लायकीचं आहे का?"

माझी सगळी नोकरी विदर्भात, सार्वजनिक प्रसारणात झाली. त्यातली बहुतेक शेती आणि ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात. या विषयात माझा जीव गुंतलेला आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. माझं मत असं: सार्वजनिक प्रसारणासाठी प्रत्येक घराने पैसे देणं योग्य आहे, तुम्ही ते पाहत नसलात तरीही. पण ज्या संस्थेला पैसे द्यायचे ती सरकारच्या हाताखाली असेल, तर आज सरकारी तिजोरीतून जातंय त्याच्यावर एक रुपयाही देऊ नये. आपल्याकडे सध्या हीच दुसरी स्थिती आहे, म्हणून आज असं शुल्क लावायला माझा विरोध आहे. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

आधी लेस्टरची गोष्ट. ब्रिटनमध्ये हे शुल्क ज्या परवान्याचं, तो बीबीसी पाहण्याचा नसतो. कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम प्रसारित होत असताना थेट पाहायचा असेल, किंवा बीबीसीचं आयप्लेअर वापरायचं असेल, तर तो लागतो. फक्त नेटफ्लिक्ससारख्या सेवांवर मागाहून चित्रपट पाहणाऱ्याला लागत नाही, आणि नुसत्या रेडिओला तर १९७१ पासूनच लागत नाही. सुरुवात १९२२ मध्ये रेडिओच्या १० शिलिंगांपासून झाली. टीव्हीचा २ पौंडांचा परवाना १९४६ मध्ये आला. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेला १७४.५० पौंडांचा दर म्हणजे आपले साधारण वीस हजार रुपये. त्याच्या बदल्यात तिथल्या लोकांना बीबीसीच्या देशांतर्गत सेवेवर एकही जाहिरात दिसत नाही, आणि बातम्यांपासून मुलांच्या कार्यक्रमांपर्यंत सगळं मिळतं.

दोष मोठे आहेत. लंडनच्या कोट्यधीशाला आणि एका खोलीत राहणाऱ्या विधवेला रक्कम सारखीच. न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, हजार पौंडांपर्यंत दंड होतो. आणि दोषी ठरणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे, कारण तपासनीस दार वाजवतो तेव्हा घरी बहुधा बाई असते. शुल्क किती असावं हे शेवटी तिथलं सरकारच ठरवतं, आणि बीबीसीची सध्याची सनद २०२७ अखेर संपते, म्हणून तिथेही हा वाद आत्ता ऐन रंगात आहे.

युरोपातल्या बऱ्याच देशांनी टीव्हीच्या डब्याला चिकटलेलं शुल्क सोडून दिलं आहे. जर्मनीने २०१३ मध्ये ते घरामागे केलं, टीव्ही असो वा नसो. फिनलंडने त्याच वर्षी आणि स्वीडनने २०१९ मध्ये ते उत्पन्नाशी जोडलं. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंचं शुल्क रद्द करून कराच्या उत्पन्नातला वाटा द्यायला सुरुवात केली. म्हणजे 'सक्तीचं शुल्क' म्हटलं की एकच नमुना डोळ्यांपुढे आणायची गरज नाही.

आणि आपल्यालाही हे नवीन नाही. जुन्या नागपूरकरांना आठवत असेल, रेडिओ घरात आला की पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे, दर वर्षी नूतनीकरण करून पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागे. १९२७ मध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी सुरू झाली तेव्हा लायसन्स वर्षाला १० रुपये होतं आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळे. पण रेडिओ घेणारे थोडे, त्यात लायसन्स न काढता ऐकणारेही पुष्कळ. तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने प्रसारण स्वतःकडे घेतलं. आपल्याकडचा रेडिओ सरकारी झाला तो असा. स्वातंत्र्यानंतर लायसन्स चालू राहिलं, पण तो पैसा श्रोत्याकडून थेट प्रसारकाकडे जात नव्हता, सरकारी तिजोरीतून फिरून येत होता. ट्रान्झिस्टर घरोघरी पोचल्यावर वसुलीचा खटाटोप परवडेना आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात लायसन्स रद्द झालं. त्याबद्दल फारसं कोणी हळहळलं नाही, कारण पैसे भरणाऱ्याला त्या बदल्यात कुठलाच अधिकार मिळालेला नव्हता.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या संस्थेचा १९९० चा कायदा काढून कलम १७ वाचा. सरकारने प्रसार भारतीला कोणते पैसे द्यायचे, हे सांगताना पहिलाच उल्लेख आहे तो रिसीव्हर लायसन्स शुल्काच्या उत्पन्नाचा, 'असल्यास' या शब्दासह. शुल्क रद्द होऊन गेल्यावरही कायदा करणाऱ्यांनी ती खिडकी उघडी ठेवली. उद्या संसदेला असं शुल्क पुन्हा लावावंसं वाटलं, तर ते प्रसार भारतीला देण्याचा रस्ता कायद्यात तयार आहे. म्हणून हा प्रश्न हवेतला नाही.

आता मूळ मुद्दा: पैसे कशासाठी?

मी संत्र्याच्या बागांमध्ये रेकॉर्डिंगला जायचो. काटोल, नरखेड, तिकडे वरुड-मोर्शी. बागेत शिरलो की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "तुमी कोन्या कंपनीचे जी?" कंपनीचा नाही, रेडिओचा आहे म्हटलं की माणूस जरा सैल व्हायचा. मग खरी अडचण बाहेर यायची. आंबिया बहाराची फळगळ होतेय, दुकानदाराने तीन औषधं दिली, तिन्ही मारली, फरक नाही, उधारी मात्र वाढली. किंवा झाडाच्या खोडातून डिंक वाहतोय, आणि बोर्डो मलम घरीही तयार करता येतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. आम्ही हे प्रश्न घेऊन लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञाकडे जायचो, आणि त्याचं उत्तर शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत करून हवेत सोडायचो. कित्येकदा ते उत्तर 'काही फवारू नका, आधी बागेत साचलेलं पाणी काढा' एवढंच असायचं.

या उत्तराचा प्रायोजक कोण होईल? 'काही विकत घेऊ नका' हे सांगायला कोणी जाहिरात देत नाही. शेतीवरचा कार्यक्रम जाहिरातीवर चालवायचा म्हटलं की जाहिरातदार असतो बियाण्याचा, खताचा, कीटकनाशकाचा. त्यांच्यातही चांगले लोक आहेत, पण त्यांचं काम विकण्याचं आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, उन्हाचा उबारा, पंपातून उडणारे तुषार थेट तोंडावर. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, दोन-तीन औषधं एकत्र मिसळू नका, उपाशीपोटी फवारायला जाऊ नका, उलटी झाली की औषधाचा डबा घेऊनच डॉक्टरकडे जा: ही माहिती रोज, त्याच भाषेत, त्याच वेळेला, कंटाळा येईपर्यंत सांगावी लागते. हे काम ज्याच्या हाती विकायला काहीच नाही त्यानेच करायचं असतं. मला विचाराल तर सार्वजनिक प्रसारणाला पैसे देण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे, बाकीची यानंतर.

हे काम होऊ शकतं याचा पुरावा जुना आहे. १९५६ मध्ये पुण्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत दीडशे गावांमध्ये युनेस्कोच्या मदतीने रेडिओ ग्रामीण मंडळांचा प्रयोग झाला. गावातली माणसं एकत्र बसून कार्यक्रम ऐकायची, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायची. पुढच्या कार्यक्रमात उत्तरं यायची. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं, आणि ज्या गावांत अशी मंडळं होती तिथल्या लोकांच्या माहितीत स्पष्ट फरक पडलेला दिसला. एक माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात, एवढ्यावर ते थांबलं नव्हतं.

दुसरं कारण बातम्यांचं. आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. द्यायच्याच असतील तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. म्हणजे नागपुरात रेडिओवर तुम्हाला जी बातमी ऐकू येते, ती कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर आली तरी सार्वजनिक पैशातून तयार झालेली असते. खासगीला बंदी आणि सरकारीला मक्तेदारी ही स्थिती मला अजिबात मान्य नाही, ती बदलायला हवी. पण ती आहे तोवर त्या बातमीची प्रत कशी असावी, हा तुमच्या हक्काचा प्रश्न आहे.

तिसरं, भाषा आणि कला. स्वित्झर्लंडमध्ये रोमान्श बोलणारे जेमतेम पन्नास-साठ हजार आहेत, पण त्यांचा स्वतंत्र सार्वजनिक रेडिओ आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख होते. जाहिरातदाराच्या हिशेबात ते कधी बसले नाहीत. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या बाईला मोटारगाडी विकता येत नाही, मग तिच्या भाषेत कार्यक्रम करायला कोण पैसे घालेल? भुलाबाईची गाणी, खडी गंमत, गावोगावच्या भजनी मंडळांच्या चाली यांचं ध्वनिमुद्रण मुख्यतः रेडिओने केलं. आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळवणं ही कित्येक कलावंतांच्या आयुष्यातली एकमेव औपचारिक पावती होती. त्या श्रेणीवर त्यांना मानधन मिळे आणि गावात मान मिळे.

जाहिरातीने हे सगळं भागेल, असं वाटणाऱ्यांसाठी नागपूरचाच दाखला देतो. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई-पुणे-नागपूर या केंद्रांवर. पैसा आला, लोकप्रियताही होती. पण जाहिरात गाण्यांच्या कार्यक्रमांकडे गेली, शेतीच्या आणि कामगारांच्या कार्यक्रमांकडे वळली नाही. पुढे दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती आल्या आणि तिथेही हेच झालं. यात कोणाचा दोष नाही. जाहिरात माणसाच्या खिशाकडे पाहून येते, त्याच्या गरजेकडे पाहून नाही.

आता तुमचा आक्षेप: मी पाहतच नाही. तो मी हलका समजत नाही. पण अग्निशमन दलाची गाडी तुमच्या दारात कधी आली नाही म्हणून त्याचा कर तुम्ही नाकारत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नागनदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी, कित्येक भागांत वीज गेलेली. अशा वेळी मोबाइलवर अफवा आधी येतात. जपानने याचा विचार कायद्यातच केला आहे: एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेला आपत्तीच्या काळातली जबाबदार संस्था म्हणून नेमलेलं आहे, तिला जाहिराती घ्यायला बंदी आहे, आणि तिचा खर्च घराघरांतून येणाऱ्या शुल्कावर चालतो. तिथे शुल्काचा करार करणं बंधनकारक आहे, पण चुकवणाऱ्याला तुरुंगात टाकत नाहीत; डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. भूकंपाची सूचना काही सेकंदांत प्रत्येक घरात पोचते ती एनएचके कोण किती पाहतं यावर अवलंबून नसते.

शिवाय तुम्ही पैसे देतच आहात. केंद्राच्या अर्थसंकल्पातून प्रसार भारतीला अलीकडे वर्षाला अडीच हजार कोटींच्या आसपास मिळतात, आणि त्यातला मोठा भाग पगारावर जातो, कारण ऑक्टोबर २००७ पूर्वी लागलेले कर्मचारी कायद्याने सरकारी सेवक मानले जातात. १४० कोटी लोकांत वाटलं तर माणशी अठरा रुपये, घरामागे वर्षाला ऐंशीच्या आसपास. तुम्ही साबण घेता तेव्हाच्या जीएसटीतून हे जातं. त्याची पावती नाही, म्हणून ते कुठे गेलं हे विचारायचं तुम्हाला सुचतही नाही. आणखी एक सक्ती तर रोजची आहे. केबल किंवा डीटीएच घेतलं की वाहिन्यांच्या किमतीच्या आधीच नेटवर्क शुल्क लागतं. ट्राय या नियामक संस्थेने कित्येक वर्षं ते १३० रुपये अधिक कर असं ठरवून दिलं होतं. महिन्याला दीडशे रुपये! बीबीसीच्या परवान्यावर रागावणाऱ्या आपल्या मित्रांना हे सहसा खटकत नाही. तो पैसा पाइप पुरवणाऱ्याला जातो, कार्यक्रम करणाऱ्याला नाही. याउलट डीडी फ्री डिश २००४ पासून महिन्याला काहीही न घेता, उद्योगाच्या अंदाजानुसार चार कोटींहून जास्त घरांत पोचलं आहे. नागपूरच्या कळमना, वाठोड्यासारख्या वस्त्यांत पत्र्यावर दिसणाऱ्या त्या छोट्या छत्र्यांपैकी बऱ्याच त्याच्या असतात.

एवढं सगळं बोलूनही मी आज शुल्काला नाही म्हणतो, त्याचं कारण मालकी. आणीबाणीत आकाशवाणीचं काय झालं, हे १९७७ च्या श्वेतपत्रिकेत सविस्तर नोंदलेलं आहे. त्यानंतर वर्गीस समितीने स्वायत्त न्यास सुचवला, तो झाला नाही. १९९० चा कायदा झाला, तो लागू व्हायला १९९७ उजाडलं. मध्ये १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची नाही. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराच्या मुख्यमंत्र्यांचं, माणिक सरकार यांचं, स्वातंत्र्यदिनाचं भाषण त्यात बदल केल्याशिवाय प्रसारित होणार नाही, असं त्यांना कळवलं गेलं. आणीबाणीत सत्तेवर एक पक्ष होता, २०१७ मध्ये दुसरा. खुर्चीवर कोण आहे यावर हा प्रश्न अवलंबून नाही, खुर्चीच्या हातात दोरी आहे हा प्रश्न आहे.

कायद्याच्या कलम १३ मध्ये प्रसार भारतीवर देखरेख करायला २२ खासदारांची संसदीय समिती सांगितली आहे. कलम १४ मध्ये श्रोत्या-प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद आहे. कायदा लागू होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, दोन्ही प्रत्यक्षात आल्या नाहीत. संस्थेने उत्तर कोणाला द्यायचं, तर मंत्रालयाला. पैसा तिथून येतो, म्हणून उत्तरही तिकडेच जातं.

याचा परिणाम कसा होतो ते नागपूरजवळच्या बुटीबोरीला पाहा. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून १९८८ मध्ये इथे एक हजार किलोवॉटचा मध्यमलहरी प्रक्षेपक बसवून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. १५६६ किलोहर्ट्झवर ती रात्रभर चालायची आणि देशाच्या बहुतांश भागात ऐकू यायची. रात्रपाळीचे कामगार, ट्रकवाले, पहारेकरी यांची ती सोबत होती. डिसेंबर २०१८ मध्ये खर्च कमी करण्याच्या नावाखाली ती बंद करण्याचा आदेश निघाला. मध्यमलहरींचं युग सरत आलं आहे, हे मला मान्य आहे. कदाचित निर्णय बरोबरही असेल. पण ज्यांच्यासाठी ती होती त्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारायला भाग पाडेल असा कोणताच अधिकार त्यांच्या हातात नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१८ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचं शुल्क रद्द करावं का, यावर सार्वमत घेतलं गेलं. तेव्हा ते घरामागे वर्षाला साडेचारशे फ्रँक होतं, म्हणजे ब्रिटनहून बरंच जास्त. ७१.६ टक्के लोकांनी ते ठेवायच्या बाजूने मत दिलं. लोक पैसे द्यायला तयार असतात, आपल्याला विचारलं जातं याची खात्री असली तर.

नुसतं शुल्क लावून स्वातंत्र्य येत नाही, याचं उदाहरण शेजारी आहे. पाकिस्तानात पीटीव्हीसाठी वीजबिलातून महिन्याला ३५ रुपये वर्षानुवर्षं कापले जात. पीटीव्ही सरकारीच राहिली. दुसऱ्या बाजूला, नुसतं अर्थसंकल्पावर ठेवलं तर काय होतं हे अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये दिसलं: संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे आधीच मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले. मोठ्या शहरांतल्या केंद्रांनी देणग्यांवर कसंबसं भागवलं तरी लहान गावांतल्या केंद्रांचा कणा तोच पैसा होता.

मला जर्मनीची व्यवस्था सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. नाझींनी रेडिओचा काय वापर केला हे त्यांनी भोगलं होतं. म्हणून प्रसारण केंद्र सरकारकडे ठेवलंच नाही, ते राज्यांकडे दिलं. शुल्क किती असावं याची शिफारस सोळा तज्ज्ञांचा स्वतंत्र आयोग करतो, प्रत्येक राज्याचा एक. या आयोगाने ते घरामागे महिन्याला १८.३६ युरोपर्यंत वाढवायला सांगितलं. ती वाढ एका राज्याने अडवली तेव्हा २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती लागू केली. आणि त्याआधी २०१४ मध्ये याच न्यायालयाने ठरवून दिलं की झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीच्या देखरेख मंडळात सरकार आणि पक्षांशी बांधलेले सदस्य एक तृतीयांशाहून जास्त असता कामा नयेत. पैसा आणि मंडळ, दोन्हींवरचा सरकारी हात एकदम सैल केला.

आपल्याकडे काय करता येईल? आधी कलम १३ आणि १४ मधल्या संस्था उभ्या कराव्यात. प्रसार भारतीच्या मंडळावरून मंत्रालयाचा वरचष्मा काढावा, नोकरभरतीचे आणि खर्चाचे नियम तिचे तिला करू द्यावेत. ही दोन कामं झाल्यावर आजच्याच अडीच हजार कोटींना स्वतंत्र नाव द्यावं, पाच वर्षांसाठी बांधून द्यावं, आणि त्यातला ठरावीक हिस्सा केंद्रांच्या स्थानिक कार्यक्रमांसाठी राखावा. हे नीट चाललं तरच वाढीव वर्गणी. ती वसूल करायची झाली तर इटलीसारखी वीजबिलातून करता येईल. तिथे २०१६ पासून तसं केल्यावर चुकवेगिरी झपाट्याने कमी झाली. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना आणि शेतीपंपाच्या जोडणीला ती अजिबात लावू नये. न भरल्याबद्दल फौजदारी खटला तर कोणावरच नको. घरामागे महिन्याला दहा रुपये जरी धरले, तरी तीस कोटी घरांपैकी निम्म्यांकडून वर्षाला अठराशे कोटी होतात. एवढ्यात प्रत्येक जिल्ह्याला एक चांगलं वार्ताहर पथक, प्रत्येक बोलीला रोजचा एक तास आणि जुन्या टेपांचं जतन हे सगळं होऊ शकतं.

तुम्ही नागपूरचे आहात म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. डिसेंबरात विधानभवनावर मोर्चे येतात, पण हा विषय तिथला नाही. प्रसारण केंद्र सूचीत आहे, त्यामुळे आमदाराला निवेदन देऊन उपयोग नाही, खासदाराला गाठा. लेखी प्रश्न विचारायला सांगा, तोही नेमका: प्रसार भारती कायद्याच्या कलम १३ खालची संसदीय समिती आजवर का नेमली नाही, आणि ती कधी नेमणार? लोकसभेतलं लेखी उत्तर नोंदलं जातं, ते कोणालाही पाहता येतं. त्या उत्तरात तारीख असेल, तर दहा रुपयांच्या वर्गणीबद्दल आपण पुढचं बोलू.